वहीत नसलेले पाळणे

॥ श्री ॥

बाळीवेस, सोलापूर
२८ जानेवारी १९७३

चि. सिद्धनाथ यास,
अ. उ. आ.

तू पुण्याला सुखरूप पोचल्याचं कार्ड काल मिळालं. चार ओळींचं कार्ड लिहायला तुला आठ दिवस लागले. या चालीनं तुझा माहितीपट पुरा व्हायला किती वर्षं लागतील, असं तुझे काका गिरणीतून आल्या आल्या विचारतात आणि स्वतःच हसतात. तू इथे होतास ते नऊ दिवस त्यांचे फार मजेत गेले. जिच्यात दोन्ही हात घालून तू चाचपडत फिल्म बदलायचास, ती काळी पिशवी इथेच विसरला आहेस. लवकर मागवून घे, नाहीतर मी तिच्यात शेंगा भरीन.

तू गेल्यापासून खुणेवाडीच्या दुष्काळी कामावर माणसं आणखी वाढली. पाच गावांची मिळून सहाशेच्या वर भरतील. बायका दिवसभर खडी फोडतात आणि दगडाच्या ढिगाआड हातभर सावली पडेल तेवढ्यात त्यांची पोरं झोपतात. पाण्याला एकच टँकर, तोही मर्जीचा. ग्रामसेविका म्हणून माझ्या हातात काय, तर लहान मुलांना आणि पोटुशा बायकांना रोज मूठमूठ सुकडी वाटणं. भाजलेल्या मिलोचं, म्हणजे त्या परदेशी लाल ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आणि साखर, एवढ्यावर एकशेचाळीस पोरं उभी आहेत. मांडवासाठी आणि दुसऱ्या टँकरसाठी अर्ज करून मी थकले. कागद वर जातात आणि वरच राहतात. साहेबलोकांना कागद दिसत नाही, तुझं चित्र तरी दिसेल.

एक बोलायचं राहिलं होतं. सुकडी वाटणाऱ्या बजाबाईनं तुझ्यापुढे मूठ केली तेव्हा तू पोट बिघडलंय म्हणालास, आणि त्याच संध्याकाळी स्टँडवर दोन प्लेट भजी खाल्लीस. बजाबाईनं पाहिलं नाही. मी पाहिलं.

कुर्डुवाडीहून ताईचं पत्र होतं. मुलगा फिल्लमच्या नादाला लागला, आता मुलगी कोण देणार, म्हणून तुझी आई काळजीत आहे. तिला दोन ओळी लिही. मी कळवलंय की मुलगा बिघडलेला नाही, फक्त केस वाढलेत.

काकांचे आशीर्वाद. भजी खाताना तरी मावशीची आठवण ठेवीत जावी.

तुझी
वच्छलामावशी


पुणे
२२ फेब्रुवारी १९७३

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

भज्यांचा गुन्हा कबूल. पिशवी टपालानं पाठवू नकोस, मीच येतोय, कारण माहितीपट तयार झाला!

बावीस मिनिटांचा आहे, दोन रिळांत. मी ज्याच्या खोलीवर राहतो तो माझा मित्र रामहरी आणि मी, दोघांनी महिनाभर फिल्म कापायची नि चिकटवायची एवढाच उद्योग केला. चिकटवायच्या त्या औषधाचा वास बोटांवरून जात नाही, त्यामुळे खानावळीत माझ्या शेजारी कुणी बसत नाही. पहिलं रीळ तू सांगितलंस तसंच आहे. टँकरची रांग आहे, खडी आहे, आणि बजाबाईची तीन वर्षांची नात बायडी आहे. सावली सरकेल तशी ती झोपेतच सरकत राहते. ते घ्यायला मी पाऊण तास उन्हात उभा होतो. रामहरीनं ते तीनदा लावून पाहिलं. तो काहीच दुसऱ्यांदा बघत नाही.

दुसऱ्या रिळाबद्दल आत्ता सांगत नाही. खुणेवाडीच्या पोलीसपाटलांकडून, आबासाहेबांकडून, मी जन्मनोंदीची वही मागून घेतली होती आणि तिच्या पानांचं चित्रण केलं होतं. आपल्या हाती काय लागलंय ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं, रामहरीनं ओळखलं. त्याच्याकडे एका परदेशी वर्तमानपत्रातल्या बातमीचं टिपण आहे. मूळ कात्रण कुणाकडे आहे ते शोधतो आहोत. मावशी, ही गोष्ट सावलीपेक्षा फार मोठी आहे. बघशीलच तू.

रविवारी ४ मार्चला खुणेवाडीच्या शाळेत दाखवू. जनरेटर संध्याकाळच्या आत परत करायचा आहे, तेव्हा दुपारीच दाखवावं लागेल. खिडक्यांना लावायला घोंगडी गोळा करशील का? आणि प्रांतसाहेबांना आणता आलं तर बहार होईल. एप्रिल अखेरपासून आम्ही जीपनं जिल्ह्यातल्या आणखी बारा कामांवर फिरणार आहोत.

आईला लिहिलं. केसांचं लिहिलं नाही. तुम्हा दोघांची माया अशीच पाठीशी असू दे.

तुझा
सिद्धनाथ


॥ श्री ॥

सोलापूर
१३ मार्च १९७३

चि. सिद्धनाथ यास,
अ. उ. आ.

आधी कौतुक करते, कारण ते खरं आहे. मग रागावणार आहे, तेही खरं आहे.

घोंगड्यांनी बंद केलेल्या त्या शाळेत आम्ही दीडशे माणसं अक्षरशः शिजलो, पण पहिलं रीळ संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. बायडी सावलीमागे सरकायला लागली तेव्हा बायका तोंडाला पदर लावून बसल्या. त्या हे रोज बघतात, पण पडद्यावर बघून त्यांना ते नव्यानं दिसलं. प्रांतसाहेब उठून माझ्याकडे आले आणि मांडवाचे बांबू परवाच पाठवतो म्हणाले. पंधरा महिन्यांत माझ्या अर्जांना जे जमलं नाही ते तुझ्या अकरा मिनिटांनी केलं. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या मास्तरांना मी दोनदा सांगितलं, हा माझ्या बहिणीचा मुलगा.

आणि मग तू दुसरं रीळ लावलंस.

तू त्याच संध्याकाळी जीपनं निघून गेलास, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. ऑगस्ट ते जानेवारी खुणेवाडीत गेल्या साली सतरा जन्म आणि यंदा दोन, हे वहीचं पान दाखवून तू तुझ्या खणखणीत आवाजात सांगितलंस की परदेशातून आलेल्या मिलोत औषध कालवलेलं आहे, त्याची सुकडी खाल्ली की पोटातला गर्भ टिकत नाही, आणि हा गरिबांचा वंश खुंटवायचा डाव आहे. बाबा रे, हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बायकांनी सोडूनही दिलं असतं. पण हे बाईंच्या भाच्यानं सांगितलं. बाईंचा भाचा खोटं कसं बोलेल?

सोमवारी मी गेले तर सुकडी खड्ड्यात ओतलेली. मंगळवारी तेच. आज नववा दिवस आहे, एकशेचाळीसांतली जेमतेम वीस पोरं येतात. त्यांच्याही आया लांब उभ्या राहून माझ्याकडे बघतात. काही खायला दुसरं असतं तर मी एवढी बोलले नसते. घरी एक वेळची भाकरी आहे, ती पोरांना पुरत नाही. बायडी वाळत चालली आहे. तुझ्या पडद्यावरची बायडी आता त्याहून निम्मी झाली आहे, असं समज.

आणखी एक. बांबू आले, शाळेच्या आवारात पडले आहेत. दुसरं रीळ पाहून प्रांतसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता म्हणतात, त्या सिनेमातलं किती खरं आणि किती तिखटमीठ लावलेलं ते आधी पाहू, मग मांडव. तुझ्या खोट्यानं तुझ्या खऱ्याचाही पाय ओढला.

दुसरं रीळ बारा कामांवर नेऊ नकोस. कापून टाक. मावशी म्हणून सांगते आणि हात जोडूनही सांगते.

काकांनी आशीर्वाद लिहायला सांगितलेत. माझे रागातले आहेत, पण आहेतच.

वच्छलामावशी


पुणे
१९ मार्च १९७३

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र रामहरीला वाचून दाखवलं आणि आमचं दिवसभर त्यावर बोलणं झालं. बायडीचं वाचून वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. पण मला एक सांग, विष आहे हे कळल्यावर पोरं उपाशी राहतील म्हणून ते खाऊ द्यायचं का?

मी मनचं काही म्हणालो नाही. आबासाहेबांच्या हातची वही आहे. सतराचे दोन झाले. उरलेले पंधरा कुठे गेले? नऊ दिवस मी खुणेवाडीत फिरलो, मला त्या दोन घरांखेरीज कुठे पाळणा दिसला नाही, तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं नाही. तुला हे कधी खटकलं नाही याचंच मला नवल वाटतं. तू वीस वर्षं सरकारची नोकर आहेस, सरकारनं दिलेलं पोतं तुला पोतंच दिसणार.

रामहरी म्हणतो की नुसती सावली मागून लोक उठत नाहीत, लोकांना समोर शत्रू दिसावा लागतो. मला ते पटतं. दुसरं रीळ सुरू झालं तेव्हा शाळेत सगळ्यांनी एकदम श्वास रोखला, तो तूही ऐकलास. पहिल्या रिळाला बायका रडल्या, दुसऱ्याला जाग्या झाल्या.

खुणेवाडीत मला तिसरा पाळणा दाखव. माझं चुकलं असं सिद्ध कर, दुसरं रीळ मी माझ्या हातानं जाळीन.

जास्त बोललो असेन तर लहान म्हणून सोडून दे. माया पातळ करू नकोस.

सिद्धनाथ


(पोस्टकार्ड)

सोलापूर
२४ मार्च १९७३

चि. सिद्धनाथ यास,
अ. आ.

सरकारची नोकर म्हणालास ते लागलं. तरी तुझं म्हणणं पडताळायला काल खुणेवाडीत गल्लीगल्लीतून फिरले. ओसरीवरून घरं बघितली. त्या दोन घरांखेरीज पाळणा नाही. मला खरंच नाही दिसला. रोज येते जाते, माझ्या कसं लक्षात आलं नाही? या हातांनी पोटुशा बायकांना मी सुकडी दिली आहे, नको म्हणणाऱ्यांना रागावून दिली आहे. तुझं खरं निघालं तर या हातांचं काय करू? काका म्हणतात उगीच जिवाला लावून घेऊ नकोस. आज सुकडी वाटली नाही, पोतं शिवून ठेवलं. उद्या बायडीला बघायला जाणार आहे. कार्डात जागा नाही.

व. मावशी


॥ श्री ॥

सोलापूर
१ एप्रिल १९७३

चि. सिद्धनाथ यास,
अनेक अनेक उत्तम आशीर्वाद.

तारीख पाहून गंमत समजू नकोस. नीट मांडी घालून बस आणि रामहरीलाही बसव.

बायडीला बघायला मी बजाबाईच्या घरी गेले. पोर भिंतीला टेकून बसली होती, डोळे तेवढे मोठे. बजाबाईनंही तिची सुकडी बंद केली होती. स्वतः वाटणारी बाई! मी चिडून विचारलं की या पोरीची आई कुठे आहे, तिला बोलावून आण, मला तिच्याशीच बोलायचंय. तर बजाबाई म्हणाली की सोनाबाई न्हाय हितं, तिच्या म्हायेराला बाळंत झालीया, तीन म्हैनं झालं, पोरगा हाय, आन लई गुटगुटीत हाय.

मी खालीच बसले. ही सोनाबाई दसऱ्यापर्यंत कामावर होती आणि सातव्या महिन्यापर्यंत माझ्या हातची सुकडी खात होती. दुसऱ्या खेपेला माहेरी कशाला धाडलीस म्हणून विचारलं, तर बजाबाई माझ्याकडे अशी बघायला लागली की या बाईंना नोकरी कुणी दिली. म्हणाली की अवो बाई, हितं प्यायाला पानी न्हाय, बाळंतिणीला चाळीस दिस न्हाऊ कशानं घालायचं? तिचं माहेर माळशिरसाकडे कालव्याकाठी आहे. आणि तिचीच सून गेली असं नाही. ज्या ज्या घरात दिवस गेलेले होते त्या सगळ्यांनी पहिली म्हणू नका, तिसरी म्हणू नका, जिथे पाणी आहे त्या माहेरी पोरी धाडल्या. जन्म झाला तिकडे, नोंद झाली तिकडच्या वहीत. आबासाहेबांच्या वहीत ती बाळं येतील कुठून?

हे तू आधी का बोलली नाहीस म्हटल्यावर म्हणाली की मला वाटलं वहीतली बातमी हाय, शिकल्याल्या मानसांची. माजी सून ग्येली म्हायेराला, पर बाकीच्यांचं काय झालं आसंल, आमाला काय ठावं? सिद्धनाथ, प्रत्येक घराला आपली सून कुठे आहे ते माहीत होतं, आणि शेजारच्या सुनेबद्दल मात्र प्रत्येकानं तुझ्या सिनेमावर विश्वास ठेवला. कामावर पाच गावांच्या बायका, त्या तर एकमेकींना ओळखतही नाहीत.

मग मी दोन दिवस घरोघरी फिरले, या वेळी ओसरीवरून नाही, चुलीपाशी बसून. पंधरांपैकी अकराजणी माहेरी बाळंत झाल्या, सातजणींचे पत्ते मिळाले, चौघींचे अजून मिळायचेत. दोन घरं कुलपं लावून उसाच्या कारखान्यावर गेलीत, बायकांसकट. एकाचा मेळ लागला नाही, दरसाल सतराच व्हायला हवेत असा काही कायदा नाही.

आणि एकीचं खरंच गेलं. यशवंतची बायको चांगुणा. सातव्या महिन्यात खडीचं टोपलं डोक्यावर घेताना. ती मला सांगायला आली नव्हती, कारण सांगून काय होणार असं तिला वाटलं. ते सुकडीनं गेलं नाही, दगडानं गेलं. पोटुशा बायकांना टोपली उचलायला लावतात, हलकं काम देत नाहीत. शत्रू हवा होता ना तुम्हाला? हा घ्या. तो कुठल्या परदेशातून आलेला नाही, आणि त्याच्याकडे माझंही लक्ष गेलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुझी फजिती. तू वहीला विचारलंस, बायकांना विचारलं नाहीस. बरं, परक्या मुलखातला असतास तर गोष्ट वेगळी. अरे गाढवा, तू स्वतः कुठे जन्मलास? ताई तुझ्या वेळी सातव्या महिन्यात कुर्डुवाडीहून इथे आली आणि बाळीवेशीतल्या आमच्या मधल्या खोलीत तू झालास, तुला पहिल्यांदा मी घेतलं. त्या साली कुर्डुवाडीला कुणी कॅमेरा घेऊन गेलं असतं तर सिद्धनाथ नावाचा मुलगा जन्मलाच नाही असं सिद्ध झालं असतं. काका हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जागा संपली म्हणून कडेला लिहिते आहे. पाळणे मागितले होतेस, सात आहेत, पत्ते वेगळ्या चिठ्ठीवर दिलेत. ये आणि बघ. येताना मनात अढी ठेवू नकोस, मीही ठेवली नाही.

वच्छलामावशी


पुणे
७ एप्रिल १९७३

ती. सौ. मावशीस,
साष्टांग नमस्कार. या खेपेस अक्षरशः.

पत्र वाचून मी बराच वेळ एकटा कर्वे रोडवर चालत होतो. आधी हसू आलं, मग बायडी डोळ्यांपुढे आली आणि हसू गेलं. मावशी, मला क्षमा कर. तुला सरकारची नोकर म्हणालो याची जास्त लाज वाटते की त्या पोरांच्या तोंडचा घास काढला याची, हे ठरवता येत नाही.

एक खरं सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. दुसऱ्या रिळाला शाळेनं श्वास रोखला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तेवढ्यासाठी मी कात्रणाची वाट न बघता पुढे गेलो. ते कात्रण कुणीच पाहिलेलं नाही. आज मी रामहरीला स्पष्ट विचारलं तर त्यालाही कुणीतरी सांगितलेलं, आणि त्या कुणीतरीला आणखी कुणीतरी. आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला की आता तुझ्या सिनेमात उरलं काय, नुसती सावली आणि टोपलं. मी म्हटलं की तेवढंच होतं. त्यानं बोलणं टाकलंय, पण प्रोजेक्टर दिलाय, आणि काल माझ्या वाटणीचं पिठलं झाकून ठेवलं होतं, तेव्हा माणूस निवळेल.

दुसरं रीळ कापलं. जाळलं नाही, कारण वहीचं पान मला हवं आहे. येत्या शनिवारी येतो आणि सातही पाळण्यांपर्यंत एस.टी.नं जातो. चांगुणाबाई बोलतील का, ते तू विचार. नको म्हणाल्या तर आग्रह करू नकोस.

तोवर बजाबाईंना माझा निरोप सांग की सुकडी खाऊ घाला. पण त्या माझं का ऐकतील?

तुझ्या मधल्या खोलीत जन्मलेला, हक्कानं माया मागणारा,
सिद्धनाथ


॥ श्री ॥

सोलापूर
३० मे १९७३

चि. सिद्धनाथ यास,
अ. उ. आ.

रविवारी तू घाईनं गेलास, नीट बोलणं झालं नाही, आणि काळी पिशवी परत विसरलास. आता शेंगा भरल्या आहेत.

तुझं नवं रीळ मांडवात दाखवलं गेलं याचाच मला जास्त आनंद. दुसरं रीळ कापल्याचं प्रांतसाहेबांना कळवलं तेव्हा कुठे बांबू उभे राहिले, वर पाचट पडलं, पोरांना सावली झाली. टँकर अजून एकच आहे, त्यासाठी भांडते आहे. चांगुणा पडद्यावर बोलत होती तेव्हा ती स्वतः माझ्या शेजारी बसली होती. माझा हात घट्ट धरून ठेवला होता तिनं. दुसऱ्या दिवशी मुकादमानं आपणहून तिघी पोटुशींना टोपल्यांवरून काढून पाणी वाटायला दिलं. साहेबांचा हुकूम यायचा तेव्हा येईल.

पण मला सांगायचंय ते पाळण्यांचं. सात घरांतले सात पाळणे एकामागून एक आले, आणि प्रत्येकाला मांडवातून कुणी ना कुणी आजी ओरडून उठत होती की ह्यो आमचा. मग आबासाहेब वही हातात घेऊन आले, आणि शेवटी तू आलास. कॅमेऱ्यासमोर उभा राहून म्हणालास की मी तुम्हाला खोटं सांगितलं, मला खरं वाटलं म्हणून सांगितलं, पण विचारलं नाही, आणि मी स्वतः माझ्या गावच्या वहीत नाही. बायका हसून हसून लोळल्या. तुझ्या आईला मी मुद्दाम कुर्डुवाडीहून बोलावलं होतं, ती मात्र डोळे पुसत होती.

तरी तेवढ्यानं भागलं नसतं. सिनेमानं घातलेली भीती सिनेमानं जात नाही, हे मला त्याच वेळी कळलं. कारण पोती उघडली तर कुणी पुढे येईना. मग बजाबाईनं मूठ भरून तुझ्यापुढे धरली आणि म्हणाली की आदी तू खा. सहाशे माणसं बघत होती. या खेपेस तुझं पोट बिघडलं नाही! एक खाल्लीस, दुसरी खाल्लीस. तेवढ्यात कुणीतरी विचारलं की ह्येचं लगीन झालंय का, आणि न्हाय म्हटल्यावर सगळ्या बायका म्हणाल्या की मग आनखी दोन मुठी घाला, परीक्षा हुंद्या. चार मुठी संपवून तू पाचवी मागितलीस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

काल एकशे एकतीस मुलं आली. बायडी पहिल्या रांगेत होती. खाऊन झाल्यावर हात चाटून तिनं बजाबाईपुढे परत पसरला, आणि मी पाठ फिरवली, कारण ग्रामसेविकेनं सगळ्यांसमोर रडू नये.

ताईला एक स्थळ आवडलंय, वैरागचं. मुलगी शाळेत शिकवते, मीना नाव. केस काप आणि बघायला ये. काकांचे भरपूर आशीर्वाद. आमच्यावर लोभ ठेवतोसच, आता विचारपूस करायची सवयही ठेव.

तुझी
वच्छलामावशी


वैराग
४ डिसेंबर १९७७

ती. सौ. मावशीस व ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा पहाटे मीनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मुलीचं जावळ दाट आहे आणि आवाज माझ्यासारखा खणखणीत आहे, असं सासूबाई म्हणतात.

जन्माची नोंद वैरागच्या वहीत झाली. पुण्यात आमच्या पेठेत कुणी कॅमेरा घेऊन फिरला तर त्याला ही सापडायची नाही. काल नोंद करताना मला एवढं हसू आलं की कारकून माझ्याकडे संशयानं बघायला लागला. त्याला कुठलं सांगत बसू?

खुणेवाडीच्या बायकांना निरोप दे की त्यांनी घेतलेल्या परीक्षेचा निकाल लागला. चार मुठी मी खाल्ल्या होत्या, पाचवी मागून घेतली होती, आणि पोरगी साडेसहा पौंडांची आहे.

आणि मावशी, एक मागणं आहे. बारशाला तू येशीलच, पण आधी चार दिवस ये आणि बजाबाईंना घेऊन ये. त्यांना सांग की मीनाला आणि बाळाला पहिलं मोठं न्हाणं त्यांच्या हातचं घालायचं आहे. परसातल्या विहिरीला हाताला लागेल एवढं पाणी आहे.

वाट बघतो आहे.

तुझा
सिद्धनाथ